पाच वेळा कित्याक

'अननुरूपता' हा शब्द मी फळ्यावर लिहिला, मोठ्यानं वाचला आणि समोर बघितलं. ग्रेडिंगच्या टेबलावरच्या सगळ्यांत ज्येष्ठ काकी हातातला काजू खाली न ठेवता म्हणाल्या, "ती खयची?"

मला वाटलं, ऐकू आलं नसेल. मी सुटं सुटं करून सांगितलं, "अ-न-नु-रू-प-ता."

"नाव बरा असा," काकी म्हणाल्या. "पुण्याची दिसता."

सोलणीच्या बाजूला खसखस पिकली. गुणवत्ता व्यवस्थापन प्रणालीवरचा माझा पहिला वर्ग तिथंच आटोपला. त्यानंतर पाऊण तास मी बोलत होतो, ते निव्वळ सवयीनं.

मी मूळचा इथलाच. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यात क्वालिटी खात्यात तीस वर्षं काढली, निवृत्त झालो, कणकवलीपासून जरा आत असलेल्या गावी घराची कौलं बदलून घेतली. सकाळी ओट्यावर बसून माडाकडे बघत राहायचं, एवढाच बेत होता. माड बघून तीन आठवड्यांत संपले. चौथ्या आठवड्यात माझ्या मावसभावाचा मेव्हणा आला. त्याचा काजूचा कारखाना आहे. चाळीस-पंचेचाळीस माणसं, त्यांत पुरुष एका हाताच्या बोटांवर मोजावेत इतके. बाकी सगळ्या बायका.

"दादानू, माका आयएसओ होया," तो म्हणाला. पाटल्या-बांगड्या मागाव्यात तसा.

"कित्याक?" मी विचारलं. (हा शब्द लक्षात ठेवा. पुढे तो महागात पडणार आहे.)

परदेशातल्या कुणा खरेदीदारानं प्रमाणपत्र विचारलं, असं त्यानं सांगितलं. खरं कारण मला दुसऱ्या दिवशी रिक्षातून जाताना दिसलं. वाटेवरच्या जिल्हा परिषदेच्या शाळेच्या कमानीवर 'आयएसओ मानांकित' अशी पाटी होती. पुढच्या ग्रामपंचायतीवर तीच, आणि त्याच्यापुढच्या अंगणवाडीवर तीच, फुलाफुलांच्या चौकटीत. मधल्या काही वर्षांत महाराष्ट्रात या मानांकनाची जी लाट आली, तिनं शाळा, पोलीस ठाणी, अंगणवाड्या काही सोडलं नाही. आता ज्या रस्त्यावर चार वर्षांची पोरं आयएसओ आहेत, त्या रस्त्यावर कारखानदारानं नुसतं कसं राहायचं?

मी त्याला मुळापासून सांगायला घेतलं. आयएसओ ही संस्था १९४७ साली निघाली, जिनिव्हात तिचं कार्यालय आहे. नाव ग्रीक 'आयसॉस'वरून, म्हणजे समान. ९००१ हे मानक पहिल्यांदा १९८७ साली आलं, सध्याची आवृत्ती २०१५ ची. आणि मुख्य म्हणजे ही जिनिव्हावाली संस्था स्वतः कोणालाही प्रमाणपत्र देत नाही. ती फक्त मानक लिहिते.

"मगे देता कोण?"

"प्रमाणन संस्था वेगळ्या असतात. त्यांचा माणूस येऊन तपासतो आणि ती संस्था देते."

"म्हणजे देव वेगळो नि गुरव वेगळो," तो म्हणाला. तीस वर्षं मी ही गोष्ट लोकांना आकृत्या काढून समजावत होतो.

मला 'व्यवस्थापन प्रतिनिधी' असं पद मिळालं. वास्तविक २०१५ च्या आवृत्तीत हे पद नेमायची सक्ती काढून टाकली आहे. पण कोकणात एकदा मान सुरू झाला की तो जिनिव्हाच्या सांगण्यावरून बंद होत नसतो. पदाबरोबर मला एक टेबल, एक पंखा आणि एक जाडजूड फाइल मिळाली. ही फाइल मालकानं माझ्याआधी एका सल्लागाराकडून करून घेतली होती. सल्लागारानं ती आधी बहुधा नट-बोल्टच्या कारखान्यासाठी लिहिली असावी, कारण तिच्यात 'बोल्ट' हा शब्द खोडून 'काजू' लिहिला होता. सगळीकडे नव्हता लिहिला, पण जिथं लिहिला होता तिथं बहार होती. 'काजूचे आटे गेजने तपासावेत.' 'काजूवरील जस्ताच्या मुलाम्याची जाडी नोंदवावी.' मी ते पान काकींना वाचून दाखवलं. "आमी सालच काडतो," त्या गंभीरपणे म्हणाल्या, "मुलामो कोण करता ता बगूक होया."

दाराशी 'आमचे गुणवत्ता धोरण' फ्रेम करून लावलं होतं. ग्राहकांच्या समाधानासाठी कटिबद्ध, सातत्यपूर्ण सुधारणा वगैरे. तुम्ही ते वाचलेलं आहे. कुठल्याही कारखान्याच्या दाराशी उभं राहून वाचलेलं आहे, आणि काय वाचलं ते आता आठवत नाहीये. फ्रेमला चाफ्याचा हार होता. बायका कामावर येताना तिला नमस्कार करून आत जायच्या, कारण फ्रेम आणि हार एकत्र दिसल्यावर दुसरं काही करायची आपल्याकडे पद्धत नाही.

आता मानकाच्या ७.३ या कलमात एक साधी अपेक्षा आहे. काम करणाऱ्या माणसाला धोरण माहीत असावं, आपल्याला लागू पडणारी उद्दिष्टं माहीत असावीत, आपण त्यात काय भर घालतो आणि आपण चुकलो तर काय होतं, हे माहीत असावं. बस्स, एवढंच. कागदावर हे कलम चार ओळींचं आहे. माझं पुढचं सबंध वर्ष त्या चार ओळींत गेलं.

सुरुवात मी प्रोजेक्टरनं केली. पहिली तीन कलमं म्हणजे व्याप्ती, संदर्भ आणि व्याख्या. त्यांत करायचं काहीच नसतं. हे सांगितल्यावर मागून बॉयलरवाले आबा म्हणाले, "म्हणजे आडदशावतार." बरोबर आहे. दशावतारात मूळ आख्यान लागायच्या आधी गणपती येतो, सरस्वती येते, संकासुर येऊन धिंगाणा घालतो. आख्यान नंतरच. त्यामुळे तीन कलमं सुरळीत पार पडली. चौथ्याला मी आपटलो. तिथं 'स्वारस्य असलेले पक्ष' असा प्रकार आहे. म्हणजे गिऱ्हाईक, पुरवठादार, कामगार, शेजारीपाजारी, ज्यांचा आपल्या कामाशी संबंध येतो ते सगळे. मी नुसतं म्हटलं, "आता आपण पक्ष बघू."

शेड एकदम चिडीचूप झाली. कणकवलीत 'पक्ष' हा शब्द असा उघड्यावर, चाळीस माणसांसमोर, कोणी काढत नाही. दोन बायकांनी एकमेकींकडे पाठ केली. पॅकिंगचा मुलगा हळूच उठून बाहेर मोटारसायकलवर जाऊन बसला. "खयचो पक्ष, ता आधी सांगा," आबा म्हणाले, "मगे आमी बसाचा की उठाचा ता ठरवतो." तेवढ्यात लाइट गेली. निवृत्तीनंतर मी विजेचे इतके मनापासून आभार कधी मानले नव्हते.

प्रोजेक्टर मी पुन्हा नेलाच नाही. तिथं मी नुसता बसून राहायला लागलो, आणि पहिल्यांदा काम बघितलं.

काजूची बी म्हणजे मोठं खट प्रकरण आहे. टरफलात जे तेल असतं त्यानं कातडी जळते. म्हणून आधी बी उन्हात वाळवायची, मग कुकरात वाफेवर उकडायची, मग रात्रभर थंड होऊ द्यायची. थंड होताना टरफल कडक होतं आणि आतला गर सुटा होतो. मग कटिंग. एका हातानं बी पात्यात धरायची, पायानं पट्टी दाबायची, दुसऱ्या हातानं फोडून गर अख्खा बाहेर काढायचा. हाताला तेल चोळलेलं नाहीतर राख लावलेली. तिथून गर ड्रायरमध्ये, म्हणजे बोर्म्यात. मग सोलणी, मग ग्रेडिंग, आणि शेवटी दहा किलोचा टिन.

ग्रेडिंगच्या टेबलावर काकी बसायच्या. निर्यातीच्या जगात अख्ख्या पांढऱ्या गराला 'डब्ल्यू' म्हणतात आणि पुढं आकडा असतो. डब्ल्यू-३२० म्हणजे एका पौंडात ३०० ते ३२० गर बसायला हवेत. डब्ल्यू-२४० म्हणजे २२० ते २४०. डब्ल्यू-१८० म्हणजे १७० ते १८०, तो राजा. आता पौंड म्हणजे ४५४ ग्रॅम, हे काकींना कोणी सांगितलेलं नाही आणि त्यांचं त्यावाचून अडलेलंही नाही. हिशेब केला तर ३२० चा एक गर साधारण दीड ग्रॅमचा आणि २४० चा दोन ग्रॅमच्या आसपासचा. मधे अर्धा ग्रॅम. काकी तो अर्धा ग्रॅम डोळ्यांनी वेचायच्या. गरांचा ढीग समोर, दोन्ही हात दोन दिशांना, आणि तोंडानं मधल्या जावेच्या सुनेची गजाल. मी एकदा त्यांच्या ३२० च्या ढिगातून एक पौंड वजन करून मोजलं. तीनशे अकरा. दुसऱ्या वेळी तीनशे सात. तिसऱ्या वेळी मी मोजायला बसल्यावर काकी म्हणाल्या, "भाऊ, तुमका काय काम नाय काय?"

मग माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, असं लिहायची पद्धत आहे. प्रत्यक्षात मला जरा लाज वाटली आणि मी चहा प्यायला गेलो.

चहा पिताना आबांशी दशावताराचा विषय निघाला. दशावतारी कंपनीत नाटकाची लिहिलेली संहिता नसते. रंगपटात ठरतं, आज अमुक आख्यान, तू राजा, तू राक्षस, तू राणी. बाप्ये तोंडाला रंग लावतात, पेटी आणि पखवाज सुरू होतो आणि पहाटेपर्यंत आख्यान उभं राहतं. कोणाचं भाषण कुठं संपतं आणि कोणाची तलवार कुठून येते, यात चूक होत नाही. मी तीस वर्षं ज्याला 'प्रलेखित माहिती' म्हणत आलो ती तिथं कुठंही नाही. आणि २०१५ चं मानक तरी दुसरं काय म्हणतं? सक्तीच्या मोजक्या नोंदी सोडल्या, तर परिणामासाठी जेवढं लिहून ठेवणं तुम्हाला गरजेचं वाटतं तेवढं लिहा. गुणवत्ता पुस्तिकेचीसुद्धा सक्ती उरलेली नाही. हे बोल्टवाल्या सल्लागाराला कोणी कळवलं नव्हतं. कळवलं असतं तर त्याचं पोट कशावर चाललं असतं, हाही प्रश्नच.

आबा गावऱ्हाटीतले मानकरी. शिमग्याला पालखीच्या कोणत्या दांड्याला कोणाचा खांदा, गाऱ्हाणं कोणी घालायचं, कौल कोणी लावायचा, नारळ कोणाच्या हातानं, हे सगळं ठरलेलं. पाचव्या कलमातलं 'भूमिका, जबाबदाऱ्या आणि अधिकार' आबांना दुसऱ्या दिवशी समजावून सांगायला मी गेलो, तर त्यांनी मलाच सांगितलं की तुमच्या तक्त्यात एक माणूस दोन जागी उभा आहे, गावात असं झालं असतं तर मारामारी झाली असती. तक्ता काढून बघितला. खरंच होता. पॅकिंगचा मुलगा माल बांधतही होता आणि बांधलेला माल पासही करत होता.

यावर मी वर्गाची भाषाच बदलली. कॅलिब्रेशनसाठी पायली काढली. जुन्या बायकांना आठवत होतं की भात मोजायची पायली गावोगावी वेगळी असायची. लग्नात दिलेलं भात सासरच्या पायलीनं मोजलं की कमी भरायचं आणि त्यावरून दोन पिढ्या बोलणं बंद. मी म्हटलं, आयसॉस म्हणजे हेच, सगळ्यांची पायली एक. आपला वजनकाटा वर्षातून एकदा खऱ्या वजनाशी ताडून बघायचा. सगळ्यांनी माना डोलावल्या. एकीनं विचारलं, "सासरच्या पायलीची आता तक्रार करूक गावात काय?" त्याला मानकात कलम नाही.

नाकारलेल्या मालासाठी मी लाल क्रेट आणला होता. तो शेडमधला सगळ्यांत देखणा क्रेट निघाला. आठवडाभर त्यात बायकांचे डबे आणि छत्र्या होत्या. मग मी डबे ठेवायला निळा क्रेट आणला. या एका प्रसंगाला माझ्या अहवालात 'सुधारात्मक कृती' असं नाव आहे.

बोर्म्यातल्या तापमानाचा तक्ता हा माझा सगळ्यांत दुखरा विषय. दर दोन तासांनी थर्मामीटर बघून आकडा लिहायचा, एवढं काम. ते करणारा मुलगा हुशार होता, म्हणून तो सकाळी नऊ वाजता संध्याकाळी सहापर्यंतचे सगळे आकडे लिहून मोकळा व्हायचा. मी सकाळी साडेनवाला तक्ता बघितला तर दुपारी तीनचं तापमान सत्तर अंश.

"अरे, तीन वाजले कुठे?"

"वाजतले मां," तो म्हणाला.

बरं, मी थांबून बघितलं. तीनला खरंच सत्तर होतं. चार दिवस थांबून बघितलं, चारही दिवस सत्तर. पाचव्या दिवशी दोन ते पाच लाइट नव्हती, बोर्मा थंडगार, आणि तक्त्यावर मात्र सुबक अक्षरात सत्तर, सत्तर. मी तो तक्ता काढून वर्गात सगळ्यांसमोर धरला आणि त्या मुलाला काहीच बोललो नाही. काकी बोलल्या. "मेल्या," त्या म्हणाल्या, "उद्या माझ्या मयताचीय नोंद आजच करशीत." त्या दिवसापासून आकडे वेळेवर पडायला लागले. मी मुंबईत यासाठी सॉफ्टवेअर बसवून घेतलं होतं.

अंतर्गत तपासणीचा नियम असा की घरच्यांनीच घरचं तपासायचं, पण आपलं काम आपण नाही. म्हणून पॅकिंगच्या बायकांनी सोलणी तपासली. सोलणीवर चौदा दोष निघाले. मी चक्रावलो. त्यांतल्या अकरांचा उगम संक्रांतीच्या हळदीकुंकवात होता, हे मला नंतर कळलं. उरलेले तीन मात्र शंभर नंबरी होते. आणि सोलणीच्या बायकांनी बदल्यात पॅकिंग तपासलं, तेव्हा टिनाच्या झाकणाखालची एक गळती सापडली जी मला दोन महिने दिसली नव्हती. चांगला तपासनीस कसा घडवावा यावर मी प्रशिक्षणं दिलेली आहेत. त्यांत 'जुनं भांडण' हा मुद्दा घालायचा राहिला.

आता ते कित्याक. जपानात टोयोटाच्या घराण्यातल्या साकिची टोयोडांच्या नावावर एक रीत सांगतात. चूक झाली की एकदा 'का' विचारून थांबायचं नाही. पाच वेळा विचारायचं, म्हणजे वरच्या कारणाखालचं, त्याच्याखालचं, असं करत मुळाशी पोचता येतं. ही रीत शिकवायला मला मुंबईत दोन दिवस लागायचे, कारण तिथला माणूस दुसऱ्या 'का'ला वकील गाठतो. इथं मी फक्त म्हटलं, "पाच वेळा कित्याक विचारायचं," आणि शेडभर आनंद पसरला. हे तर बायका जन्मापासून करत होत्या.

एप्रिलअखेर तुकडा वाढला होता. अख्खा गर आणि तुकडा यांच्या भावात मोठं अंतर असतं, त्यामुळे मालक हवालदिल. तो म्हणाला, बायकांचं कामात लक्ष नाही. मी म्हटलं, बसा, विचारू या. सगळी मंडळी गोल बसली. मालक खुर्चीवर. खडू काकींच्या हातात.

"तुकडो वाडलो. कित्याक?"

कटिंगची एक बाई म्हणाली, पात्यात गरच कापला जातो. बी सुटत नाही.

"कित्याक?"

बी नीट थंडच झालेली नसते. सकाळी उकडलेली दुपारी टेबलावर. रात्रभर मुरायला हवी.

"सकाळी कित्याक उकडली? सांजेक कित्याक नाय?"

आदल्या संध्याकाळी बॉयलर पेटलाच नव्हता. तीन दिवस तसंच.

"बॉयलर कित्याक नाय पेटलो?"

आबा जमिनीकडे बघत होते. "मी नव्हतंय," ते म्हणाले.

काकींनी खडू फळ्यावर टेकवला. चार रेघा झाल्या होत्या. शेडबाहेर एक कोंबडा ओरडला तेवढाच आवाज.

"आबानू, तुमी कित्याक नव्हतास?"

आबांनी मालकाकडे बघितलं. मग सगळ्यांनीच मालकाकडे बघितलं. मालकाच्या बागेतला हापूस उतरवून पेट्या भरून संध्याकाळी मुंबईच्या गाडीत चढवायच्या होत्या, आणि त्या कामाला विश्वासाचा माणूस म्हणून आबांना तीन संध्याकाळ घरी नेलं होतं.

काकी सहाव्यांदा तोंड उघडणार, तेवढ्यात मालक खुर्चीवरून उठला. "दादानू, त्या जपान्यान पाचच सांगलेले ना?"

"पाच," मी म्हटलं.

"मगे झाले पाच. चाय घेवा."

फळ्यावरच्या पाच रेघा मात्र त्याला पुसता आल्या, असं म्हणता येणार नाही, कारण काकी फळ्यासमोरच उभ्या होत्या. आबा पुन्हा पेट्या भरायला गेले नाहीत. तुकडा उतरला. मालकानं मला पुढचे पंधरा दिवस आंबा पाठवला नाही, तेवढंच माझं नुकसान.

समजावून सांगायचा विषय निघाला की मला आमच्या वागद्याच्या गोपुरी आश्रमाची आठवण येते. अप्पासाहेब पटवर्धनांनी १९४८ मध्ये तो गड नदीच्या काठी सुरू केला. त्याआधी १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात, मला सफाईचंच काम द्या, म्हणून हा माणूस उपोषणाला बसला होता. मग इथं येऊन संडास कसा बांधावा, मैल्याचं खत कसं करावं, हे त्यांनी स्वतः हात घालून दाखवलं. त्या काळात, त्या विषयावर, कोकणातल्या माणसाला. माझ्याकडे नुसता काजू होता आणि तरी मी प्रोजेक्टर नेला होता.

ऑडिटर सोमवारी आला. इथंच आमच्या जोखमींच्या यादीतली एक चूक उघडी पडली. आम्ही पाऊस लिहिला होता, वांदर लिहिले होते, गणपतीत चाकरमानी आल्यावर कारखाना ओस पडतो तेही लिहिलं होतं, पण ऑडिटर सोमवारी आला तर त्याला मासे कसे घालायचे, याचा विचार कोणीच केलेला नव्हता. मालक मुळातून हादरला. ऑडिटर तिशीच्या आतला, घाटावरचा, रात्रीच्या गाडीनं येऊन सकाळी कणकवलीला उतरलेला. उसळ आणि सोलकढीवर तो खूश होता. मालकाला ते खरं वाटेना.

तपासणी नीट चालली होती. वजनकाट्याचं प्रमाणपत्र दाखवलं. बोर्म्याचा तक्ता त्यानं घड्याळाशी ताडून बघितला, बरोबर निघाला. तक्त्याच्या मुलानं काकींकडे बघितलं. मग ऑडिटर ग्रेडिंगच्या टेबलापाशी थांबला आणि त्यानं तो प्रश्न विचारला, जो प्रत्येक ऑडिटर प्रत्येक कारखान्यात सगळ्यांत गरीब दिसणाऱ्या माणसाला विचारतो. "मावशी, तुमचं गुणवत्ता धोरण काय?"

दाराशी लावलेलं ते हारवालं धोरण मी महिनाभर काकींकडून पाठ करून घेतलं होतं. 'कटिबद्ध'पर्यंत त्या पोचायच्या. पुढं 'सातत्यपूर्ण'ला दम लागायचा. आता त्या उठल्या, पदर खोचला, हात जोडले आणि डोळे मिटले. माझ्या पोटात गोळा आला, कारण ही तयारी पाठांतराची नव्हती.

"बा देवा म्हाराजा," काकींनी गाऱ्हाणं घातलं.

"व्हय म्हाराजा!" शेडभरून आवाज उठला. सवयच ती. बॉयलरवरून आबासुद्धा.

"आज जो ह्यो परगावचो पोरगो जिनिव्हाची पोथी घेवन आमच्या दाराक इलो असा…"

"व्हय म्हाराजा!"

"तेच्या म्होरं सांगणा असा की, गिऱ्हाइकाक काजू सफेद, सुको नि अख्खो मिळांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तुकडो होवचो तो टेबलारच होवंदे, टिनात जाता नये रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"चूक झाली तर कोणाची ता इचारूच्या आधी कित्याक झाली ता इचारूची बुद्धी सगळ्यांका दी…" इथं त्यांनी डोळे किलकिले करून मालकाकडे बघितलं, "सगळ्यांका दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज सोलणीकडून.

"नि ह्या पोराक सुखरूप घराक पोचव रे म्हाराजा!"

ऑडिटर हात जोडून उभा होता. आपण हात कधी जोडले, हे त्याला नंतरही सांगता आलं नसतं. थोड्या वेळानं त्यानं वहीत काहीतरी लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. ७.३ समोर बरोबरची खूण पडली.

शेवटच्या बैठकीत त्यानं निष्कर्ष वाचला. प्रमाणपत्राची शिफारस करतो, ते तीन वर्षांचं असेल, दरवर्षी देखरेखीची तपासणी होईल. एक किरकोळ अननुरूपता आहे.

काकींनी माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. ती पुण्याची आली एकदाची.

कलम ७.२, तो म्हणाला. सक्षमता. प्रत्येक कामगाराची नोंद आहे. कोण कुठलं काम कोणाकडून शिकला, कोणी तपासलं, सगळं आहे. पण या सगळ्यांना ज्यांनी प्रशिक्षण दिलं, त्यांना स्वतःला काजूतलं काय येतं, याचा पुरावा नाही. म्हणजे माझा. तीस वर्षं मी दुसऱ्यांचे कागद तपासले होते, माझा कागद करायचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं. बोल्टातलं मला येतं, याचे पुरावे मुंबईत होते.

सुधारात्मक कृती मीच लिहिली: व्यवस्थापन प्रतिनिधीस ग्रेडिंगचे प्रशिक्षण देणे. प्रशिक्षक म्हणून काकी.

मी सकाळी आठला टेबलावर बसलो. काकींनी गरांचा ढीग पुढं सारला आणि गजाल सुरू केली, ती मधली जाव, तीच सून. मी एकेक गर उचलून उजेडाकडे धरायचो, ठेवायचो, परत उचलायचो. दुपारपर्यंत माझ्या ३२० च्या ढिगात २४० चे बरेच, २१० चे दोन आणि एक चक्क तुकडा, बाजू फिरवून अख्खा दिसणारा. काकींनी तो बोटानं बाजूला काढला आणि माझ्यासमोर ठेवला. काही बोलल्या नाहीत.

मग मी फॉर्म पुढं केला. त्यांनी चष्मा मागून घेतला, सगळे रकाने वाचले, सही केली. शेवटचा रकाना होता 'प्रशिक्षणाची परिणामकारकता'. पेन हातात धरून त्या जरा थांबल्या, आणि मग सावकाश लिहिलं, 'अजून दोन पावसाळे.'